कस्तुराबाईचे एकवीस मार्क

गारखेडा, औरंगाबाद
१९ जानेवारी २००३

कस्तुराबाई,

परवा बोरवाडीहून घरी आलो आणि चप्पल काढायच्या आधी तुझ्या वहिनीला, आशाबाईला, तुझंच सांगत बसलो. तिनं विचारलं, जेवलात का? म्हटलं, बहिणीच्या दारातून उपाशी परत येतो का कोणी. पुरणपोळी, वर तुपाची धार, आणि वाढणारी म्हणत होती, घे रे, आपल्या करमाडच्या, तुह्या मायच्या पोळीगत नाय झाली. झाली होती. अगदी तशीच झाली होती.

तुझ्या लेकीच्या, बानाच्या बारशानंतर तुझ्या दारात आलो तो हा असा, सरकारी कागद बगलेत मारून. मधे लग्नकार्यात भेटलो तेवढंच. आठ दिवस आधी कार्ड टाकलं ते बरं केलं, नाहीतर तू खुरपं घेऊन रानात असतीस. सव्वीस घरं केली मी तुमच्या गावात दोन दिवसांत. काय सांगू तुला. सरकारनं गरिबी मोजायची नवी पट्टी काढली आहे. आधी विचारायचे, वर्षाची मिळकत किती, आणि सगळे कमी सांगायचे. आता तेरा प्रश्न आहेत. जमीन किती, घर कसलं, कपडे किती, दिवसातून जेवता किती वेळा, पंखा-रेडिओ आहे का. प्रत्येकाला शून्य ते चार मार्क, सगळे मिळून बावन्न. जेवढे मार्क कमी तेवढा माणूस गरीब. मग काय, ज्याच्या दारात ट्रॅक्टर तो म्हणतो मेव्हण्याचा आहे. ज्याच्या गळ्यात चेन तो म्हणतो बेंटेक्सची आहे. बोरवाडीत शिरलो की सगळं गाव खोकायला लागायचं.

तुझ्या दारात आलो आणि जीव थंड झाला. नवी नवार विणलेली बाज, फळीवर स्टीलचे डबे, नावं कोरलेले. बानाच्या लग्नातला आहेर असणार. टेबलफॅन. गारठा होता म्हणून लावला नाहीस, ते ठीकच. वाडग्यात तीसेक मेंढरं. तुझ्या हाकेला एकही वळलं नाही, म्हटलं कस्तुरा म्हातारी झाली, आवाज बसला. अंगावर हिरवंगार लुगडं. आणि आमचे मेव्हणे मुंजाबा पायांवर घोंगडं घेऊन बाजेवर बसले ते मी निघेपर्यंत हलले नाहीत. हा खरा जावयाचा रुबाब.

उलट तुझी शेजारीण, सांडूची बायको ती लक्ष्मीबाई. घरात बसायला बाज नाही, फळीवर डबा नाही, बिचारीनं मला पोत्यावर बसवलं. तिला तेरा पडले.

तुला एकवीस. शिक्षणाच्या रकान्यात चौथी लिहिताना माझा हात अडला. तुझं गणित मला आजही येत नाही, आणि तुला चौथीचा एक मार्क द्यायचा? सातवी लिहून टाकलं. मास्तरचा हात आहे, छत्तीस वर्षं मार्क देत आला, हुशार पोरीला कमी देत नाही.

मुंजाबाला नमस्कार सांग.

तुझा
नाना


बोरवाडी, ता. फुलंब्री
३ फेब्रुवारी २००३

नाना,

तुझं पत्र पोचलं. मुंजाबाला वाचून दाखीवलं. एकवीस ऐकल्यावर म्हणला, पास झालीस म्हण की. रुबाबाचं वाचलं तवा तोंड तिकडं केलं आन् मिशीत हासला.

तात्यासाहेब मास्तराची आठवण आली. मारुतीच्या देवळात शाळा भरायची. निजामाच्या टायमाला उर्दू शिकवायचे, आन् आपल्या बारीला पह्यल्यांदा मराठी पाटी आली. तुह्या पाटीला लाकडाची चौकट व्हती, माही फुटकी. तू गणित टिपायचास माह्या पाटीवरून. मास्तराला कळलं तर दोघांलाबी छडी. म्या कधी नाव घेतलं नाय तुहं.

मेंढरं हाकेला वळली नाय ते गारठ्यानं. आमचं सगळं झ्याक हाय. तू काळजी करू नको.

कस्तुरा


गारखेडा, औरंगाबाद
१६ फेब्रुवारी २००३

कस्तुराबाई,

पाटीचं आठवलंस. मग दुसरंही ऐक. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून आहे. तात्यासाहेबांनी अर्ध्या वर्गाला एक जून घातली होती. त्या एक जूनच्या हिशेबानं येत्या मे अखेरीला मी रिटायर. खरं वय आईलाच ठाऊक होतं. ती म्हणायची, तू रझाकाराच्या धामधुमीत चालायला लागलास.

त्या धामधुमीतले पंधरा दिवस मला आठवत नाहीत, पण ऐकून ऐकून आठवल्यासारखे झाले आहेत. गाव सोडून आमचं बिऱ्हाड डोंगराकडं तुमच्या मेंढरांच्या तळावर होतं. तुझ्या मायनं एका तव्यावर दोन घरांच्या भाकरी केल्या. तिकडं गावात आमच्या पेवात जोंधळा पुरलेला होता आणि तो आम्हाला खाता येत नव्हता. तुमच्याकडं पेव नव्हतं आणि तुम्ही आम्हाला खाऊ घालत होता. त्या वेळी हे तेरा प्रश्न घेऊन कोणी आलं असतं तर कोणाला किती मार्क पडले असते, असं मी काल फॉर्म जमा करताना साहेबाला विचारलं. साहेब म्हणाले, गुरुजी, सही करा.

नाना


बोरवाडी
४ मे २००३

नाना,

लई दिसांनी लिव्हते. फुरसत नव्हती.

येक इचारायचं व्हतं. माह्यासाठी नाय, गावात येक आवडाबाई हाय तिच्यासाठी. एक मेच्या ग्रामसभेत यादी वाचली. पंधराच्या खाली मार्क त्याला पिवळं कार्ड, म्हंजी सस्ते गहू. पंधराच्या वर त्याचं आधीचं पिवळं बी गेलं. आवडाबाई म्हणती, शाळेत तर जास्ती मार्क पडले की पास व्हतो. हितं पास झालेल्याचं कापलं आन् नापास झालेल्याला देलं. हे कसं रे?

आन् तिचं आसं बी म्हणणं हाय की मोजायला आला त्या दिशी घरात काही वस्तू दुसऱ्याच्या व्हत्या. तसं आसलं तर मार्क कमी व्हत्यात का?

आमचं सगळं झ्याक.

कस्तुरा


गारखेडा, औरंगाबाद
१२ मे २००३

कस्तुराबाई,

तुझ्या आवडाबाईला नीट समजावून सांग. सरकारकडं पिवळी कार्डं मोजकी. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला आधी मिळावं म्हणून रेघ ओढली, पंधराची. रेघेच्या वर गेलेल्याकडं खायला आहे असा त्याचा अर्थ. यात शाळेचा काही संबंध नाही.

आणि दुसऱ्याच्या वस्तूंचं म्हणत असेल तर ती थाप मारते. अगं, साडेतीन दशकांत मी किती मोजण्या केल्या. लोक असलेलं लपवतात. मोजणीच्या दिवशी उसनं आणून श्रीमंत दिसायला कोण जाईल? अशी बाई मला अजून भेटायची आहे. तिला म्हणावं, खऱ्या गरिबाच्या तोंडचा घास काढू नको.

मी एकतीसला मोकळा. मग येतो निवांत.

नाना


गारखेडा, औरंगाबाद
१० जुलै २००३

कस्तुराबाई,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. मी रिटायर झालो, शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. पेन्शनचे कागद अजून टेबलावरून टेबलावर फिरतायत. रागावलीस का? मी काही जास्त बोललो का त्या आवडाबाईबद्दल?

नाना


बोरवाडी
१८ जुलै २००३

नाना,

राग कशाचा. पेरण्या चालू हाईत. बाना चितेगावला सुखात हाय, जावयाला कंपनीत काम लागलंय. मुंजाबा बरा हाय.

कस्तुरा


गारखेडा, औरंगाबाद
१ ऑगस्ट २००३

कस्तुरा,

काल गुरुवार. छावणीच्या बाजारात सहज गेलो होतो. रिटायर माणूस, दुसरं करतो काय. तिथं मेंढरांच्या गर्दीत तुझा दीर मल्हारी भेटला. मला ओळखून पाया पडला. चहा पाजला त्याला. गप्पांत मी म्हटलं, कस्तुराची मेंढरं आणली नाहीस का विकायला? तो हसायला लागला. म्हणाला, गुरुजी, वयनीला मेंढरं कुठली? तुम्ही आलता त्या दिशी माहीच कोंडली व्हती तिच्या वाडग्यात. तिनं हात जोडले, म्हणली, माहा भाऊ येतोय, रितं वाडगं बघून जाईल.

मग एकेक सुटत गेलं. त्याला वाटत होतं मला ठाऊकच असेल. मुंजाबाचं खुब्याचं हाड ऊसतोडीला ट्रकवरून पडून मोडलंय, दोन वर्षं झाली. तो बाजेवरून उठला नाही कारण त्याला उठता येत नाही. आणि मी घरी येऊन बायकोला सांगतो, जावयाचा रुबाब. कस्तुरा, तो मिशीत हसला असं लिहिलंस. कसा हसला असेल ग तो.

पिवळं कार्ड कापलं ते तुझं. आवडाबाई कोणी नाहीच बोरवाडीत. मी मल्हारीला विचारलं.

अशी बाई मला अजून भेटायची आहे, असं मी तुलाच लिहिलं. ते पत्र तू चुलीपुढं बसून वाचलं असशील. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण हा मारुतीही नव्हे. माझ्या हातानं, माझ्या अक्षरानं, तुझ्या ताटातले गहू काढून घेतले मी.

पण तू तरी का नाही बोललीस? मी परका होतो का? साहेब होतो का? तुला माझा राग येत नाही, मला येतोय, तुझाही आणि माझाही. सगळं खरं लिही. एक ओळही लपवू नको.

नाना


बोरवाडी
९ ऑगस्ट २००३

नाना,

तू रागावलास, रागव. मोठा हाईस. पर माहं बी ऐक.

तू कार्ड टाकलं व्हतं, मी येतोय. त्यात तू मोजायला येतोय आसं नव्हतं लिव्हलं. लिव्हलं व्हतं, सरकारी कामानं तुह्या गावाला यायचं हाय, तुह्या हातचं जेवीन. म्या भाऊ येतोय म्हणून घर मांडलं. सरकार येतंय हे मला तू पिशवीतून कागद काढलास तवा कळलं. तवर तू पोळी खाल्ली व्हती. पोळी खाल्लेल्या भावाला कसं म्हणू, थांब, ही बाज माही नाय, हे लुगडं माहं नाय, तूप बी उसनं हाय?

आन् नाना, झाकली मूठ सव्वा लाखाची. माहेरच्या माणसाम्होरं बाई मूठ उघडत नसती. हे मला कोणी शिकवलं म्हाईत हाय? तुह्या मायनं.

आपण दुसरीत व्हतो. त्या साली पाऊस नव्हता. तुहा मामा जालन्याकडून आलता, पांढरा फेटा बांधून. तू ओट्यावर त्याच्या मांडीवर बसला व्हतास. तुह्या मायनं मला मागल्या दारानं बलावलं, म्हणली, कस्तुरे, वाड्यावर काकासाहेबाच्या घरला जा, म्हणावं दोन शेर गहू आन् वाटीभर तूप द्या, सुगीला फेडते. कोणाला दिसू देऊ नको. म्या परकरात गहू आणले, तूप हाताखाली झाकून. मायनं घाईघाईनं दळलं, पुरण घातलं. मामा जेवताना म्हणला, अक्का, तुही लई बरकत हाय. माय हासली. मामा गेल्यावर मला म्हणली, पोरी, भाऊ घरी जाऊन सुखानं झोपला पाह्यजे. आपलं आपण बघू.

तू मला लिव्हलंस, करमाडच्या पोळीगत झाली. तशीच झाली व्हती, नाना. दोन्ही उसन्याच्या व्हत्या.

आता तू म्हणशील, अर्ज कर. म्या करणार नाय. त्याला दुसरं कारण हाय. बाज लक्ष्मीबाईची. डबे तिचे, त्याच्यावर तिचंच नाव कोरलंय. लुगडं तिचं, पंखा तिचा. आमच्याकडं लाईट नाय रे, तू गारठ्यात आलास म्हणून निभावलं. तिचं सगळं घर माह्या घरात व्हतं म्हणून तू गेलास तवा तिचं घर रितं दिसलं. तिला तेरा पडले, पिवळं कार्ड मिळालं. सांडूची चार एकर इहिरीखालची जमीन हाय. म्या खरं बोलले की तिचं कार्ड जातं. जिनं बाज देली तिच्याच खालची बाज काढू का?

आन् ऐक, मे म्हैन्यापासून ती दर बारीला कार्डावरचे अर्धे गहू माह्या दारात ठिवून जाती. बोलत नाय. म्या बी बोलत नाय. सांडूला म्हाईत नाय.

कस्तुरा


गारखेडा, औरंगाबाद
१४ ऑगस्ट २००३

कस्तुरा,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. ती पोळी मला पन्नास वर्षं आठवतेय. दर सणाला आशाबाईला म्हणतो, आईच्या हातची सर नाही. आता कळलं, ती काकासाहेबांच्या गव्हाची सर होती. आई काही बोलली नाही, तू पन्नास वर्षं काही बोलली नाहीस. बायांनो, तुम्ही आम्हाला सुखानं झोपवून ठेवलं आणि आम्ही मोजायला निघालो.

मी ठरवलंय. तहसीलदारांना लिहून देतो की फॉर्म मी भरला, चौकशी न करता भरला, आणि शिक्षणाचा रकाना तर जाणूनबुजून चुकीचा भरला. आशाबाई म्हणते, पेन्शन मंजूर होईपर्यंत थांबा. ती घाबरते, तिचंही बरोबर आहे. पण मी थांबलो तर सप्टेंबर जातो, मग ऑक्टोबर. तू तोवर दुसऱ्या वेळेला पाणी पिऊन झोपशील. मल्हारीनं तेही सांगितलं मला.

लक्ष्मीबाईचं नाव मी माझ्या कागदात घेणार नाही. वस्तू तुझ्या नव्हत्या एवढंच लिहीन. तुझं काम एकच. ते तेरा प्रश्न सोबत पाठवतोय. या वेळी भावाला उत्तर देऊ नको, कागदाला दे. तुझ्या अक्षरात लिही.

नाना


बोरवाडी
३० ऑगस्ट २००३

नाना,

पंधरा दिस कागद कोनाड्यात ठिवला व्हता. मुंजाबा म्हणायचा, जाळून टाक. काल म्हणला, लिही.

एक, जमीन. दीड एकर बरड. पाऊस पडला तर बाजरी.

दोन, घर. कुडाचं. अर्ध्यावर पत्रा, अर्ध्यावर पाचट. तू बसला व्हतास ती पत्र्याखालची बाजू.

तीन, कपडे. माही दोन लुगडी, मुंजाबाची दोन धोतरं, येक सदरा. हिवाळ्याला येक घोंगडं. ते घरचं हाय, माह्या सासऱ्यानं विणलेलं, मेंढरं व्हती तवाचं.

चार, जेवण. सकाळी दोघं पोटभर. सांजच्याला मुंजाबा. म्या कधी खाते कधी नाय. रोज उपाशी नसते, आसं लिव्ह.

पाच, संडास. तू इचारलंस तवा म्या घरामागं हात केला, तू टिक मारली. तिकडं बाभळी हाईत.

सहा, वस्तू. काही नाय.

सात, शिक्षण. चौथी. पह्यला नंबर. ते लिव्हायचं नसतंय ना?

आठ, घरात काम कोण करतं. म्या.

नऊ, कशावर पोट. खुरपणी, कापूस येचणी, कोणी बलावलं तर जळतण फोडायला.

दहा, लेकरं शाळेत का. बाना लग्न होऊन गेली. घरात लेकरू नाय. कधी कधी लई सुनं वाटतं.

अकरा, देणं. दुकानाचं मिठा-तेलाचं. बाकी माणसांचं देणं हाय, ते कशात मोजायचं मला येत नाय.

बारा, गाव सोडून जाता का. दोन साल ऊसतोडीला गेलो. आता मुंजाबाला सोडून कुठं जाऊ.

तेरा, सरकारकडून काय पाह्यजे. पिवळं कार्ड.

लिव्हताना वाईट वाटलं. लिव्हून झाल्यावर हलकं वाटलं. तुला हे सगळं आता म्हाईत झालं, त्याचं येक दुःख हाय. ते ऱ्हाईल.

कस्तुरा


गारखेडा, औरंगाबाद
१० सप्टेंबर २००३

कस्तुरा,

तुझा कागद आणि माझा जबाब काल फुलंब्रीला तहसीलात दिला. कारकून वाचत होता, सातव्या उत्तरापाशी हसला, अकराव्यापाशी थांबला, मग वर बघून म्हणाला, ही बाई कोण तुमची? म्हटलं, बहीण. तो माझं आडनाव बघत राहिला, मग तुझं माहेरचं. मग शिक्का मारून पोच दिली.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तुझी हरकत वाचली जाईल. गावानं हो म्हटलं पाहिजे, असा नियम आहे. तू हजर राहा. मला यायचं होतं, पण ज्यानं फॉर्म भरला त्यानं त्या दिवशी तिथं असू नये, असं तहसीलदार म्हणाले. तुला एकटीलाच उभं राहावं लागणार.

नाना


बोरवाडी
५ ऑक्टोबर २००३

नाना,

झालं. कसं झालं ते बैजवार सांगते.

आदल्या दिशी मुंजाबा म्हणला, चारचौघांत आपलं उणं सांगणार, तर मला इहिरीत ढकल आन् मग जा. सकाळी मल्हारी आला, म्हणला, दादा, चल. मुंजाबानं त्याच्या गळ्याला हात घातला. मल्हारीनं पाठीवर घेऊन त्याला पारावर नेलं. येवढा उंच माणूस, पाय लोंबत व्हते. गावानं दोन वर्सांनी त्याला बाह्यर पाह्यलं.

ग्रामसेवक माहा कागद वाचू लागला तर त्याला माहं अक्षर लागंना. म्हणलं, आणा, मीच वाचते. तात्यासाहेब मास्तर समोर हाईत आसं धरलं आन् वाचलं. चौथ्या प्रश्नाला पाणी मागितलं. मग वाचला.

झाल्यावर पुंजाराम उभा ऱ्हायला, तो सरपंचाच्या बाजूचा. म्हणला, म्या त्या दिशी गुरुजीसंगं व्हतो. हिच्या घरात पंखा पाह्यला, डबे पाह्यले, तीस मेंढरं पाह्यली. आता कार्डासाठी नाय म्हणती. कोणाच्या व्हत्या वस्तू, नाव सांग.

म्या गप. मल्हारी म्हणला, मेंढरं माही. पुंजाराम म्हणला, तू दीर हाईस, तू म्हणणारच. पंखा कोणाचा ते सांगू दे. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत ऱ्हायले. मनात म्हणलं, नाव घ्यायचं नाय. पाटीवरून टिपणाऱ्याचं घेतलं नाय, तर बाज देणारीचं कसं घेऊ.

तवा बायांमधून लक्ष्मीबाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आन् म्हणली, पंखा माहा. बाज माही. डबे आणून बघा, नाव माहं हाय. तिच्या अंगावरचं लुगडं बी माहं. माहं घर त्या दिशी तिच्या घरात गेलतं म्हणून मला तेरा पडले. ल्याहा कागदावर.

सांडू खालून म्हणला, येडी झालीस का, खाली बस. ती म्हणली, पाच म्हैने अर्धे गहू देते, ते पुरते व्हय दोन माणसाला? तिचे पुरे तिला द्या. सांडूनं टोपी काढली, परत घातली.

मग हात वर करायला सांगितले. पुंजारामानं बी केला, उशिरानं.

माह्या घरची आन् तिच्या घरची त्याच दिशी परत मोजणी झाली. नऊ मार्क. लक्ष्मीबाईला सव्वीस. ती पारावरच म्हणली, आता खरी पास झाले मी, कस्तुरे, पेढे तू दे. सगळे हासले. सांडू तिच्याशी दोन दिस बोलला नाय, काल मला म्हणला, वयनी, दळण आणायचं आसलं तर गाडी चाललीय.

कागद फुलंब्रीला गेला. कार्ड दिवाळीनंतर. तुह्या पेन्शनीचं कळव. त्याचा घोर लागलाय.

कस्तुरा


गारखेडा, औरंगाबाद
१३ ऑक्टोबर २००३

कस्तुरा,

लक्ष्मीबाई उभी राहिली ते आशाबाईला वाचून दाखवलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली, सकाळीच घासलेली.

माझ्याकडं खुलासा मागितला आहे. दिला. चूक कबूल आहे, असं लिहिलं. फार तर दोन-चार महिने पेन्शन लांबेल. तोवर पोरगं बघतंय घर. तू त्याचा घोर लावून घेऊ नको. छत्तीस वर्षांत मी दिलेल्या मार्कांपैकी एवढेच परत घेतले, आणि तेच बरोबर केले.

भाऊबीजेला येतो. आशाबाईलाही आणतो. कागद नाही, पिशवी नाही, पेन सुद्धा नाही. आणि एक सांगून ठेवतो. या वेळी कोणाची बाज मागायची नाही, कोणाचं तूप नाही, कोणाची मेंढरं नाहीत. आता मला सगळं माहीत आहे. मी भुईवर बसेन, बाजरीची भाकर खाईन आणि मुंजाबाशेजारी आडवा होईन.

नाना


बोरवाडी
१९ ऑक्टोबर २००३

नाना,

ये. वयनीला घेऊन ये. मुंजाबा परवापासून दाढी करायची म्हणतोय.

गहू या बारीला आणायचे नाईत, लक्ष्मीबाईनं आधीच धाडलेत, म्हणली, कार्ड येईस्तोर वापर. मेंढरं मल्हारी चारायला लांब घेऊन गेलाय. वाडगं रितं हाय, ते तुला रितंच दाखवीन. सासऱ्याच्या हातचं घोंगडं धुवून वाळत टाकलंय.

पर बाजेचं मी ऐकणार नाय. भावाला भुईवर बसवायची रीत आमच्यात नाय, तू सतरा बाऱ्या सांग. लक्ष्मीबाईला इचारून ठिवलंय, भाऊबीजेला ती देती म्हणली. तू तिच्यावर बस. फकस्त ती कोणाची हाय ते तुला म्हाईत हाय, येवढं पुरं.

कस्तुरा